खिळ्यावरचा नान

१

नवरोजचा सण आटोपला की बुखाऱ्यात पाहुण्यांचा हंगाम सुरू होतो, आणि हंगामाआधी भिंतींना चुना लागतो. सालोमतच्या घरात हे काम सुनेचं. दिलरबोने डोक्याला फडकं बांधलं, अंगणाभोवतीच्या, पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या खोल्या पांढऱ्याफेक केल्या आणि सगळ्यात शेवटी स्वयंपाकघराकडे वळली.

तिथल्या भिंतीवर खिळ्याला एक नान टांगलेला होता. दिलरबोचा नवरा सुहरोब रशियात बांधकामावर गेला, त्या सकाळी त्याने त्या नानाचा एक घास दातांनी तोडला होता. या गल्लीतून दूर जाणारा प्रत्येक जण तसं करूनच उंबरा ओलांडतो. उरलेला नान भिंतीवर वाट बघतो. माणूस परत आला की त्यानेच तो संपवायचा, दुसऱ्या कुणी तोंड लावायचं नाही. सुहरोब गेला तेव्हा लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि त्यालाही आता दोन वर्षं होत आली होती. नानाचा दगड झाला होता. फिरंगी पाहुणे त्याचे फोटो काढत आणि हे काय म्हणून विचारत. "माझा नवरा आहे," असं दिलरबो सांगायची. पाहुणे हसत. तिला काही हसू येत नसे.

चुना लावायचा म्हणून सालोमतने तो नान स्वतःच्या हाताने उतरवला, फडक्यात गुंडाळला आणि फळीवर ठेवला.

"भिंत वाळली की आधी हा टांग. मग बाकीचं," ती म्हणाली.

"हो, ओयी," दिलरबो म्हणाली. आईला इथे ओयी म्हणतात, आणि सासूलाही.

त्याच फळीवर शिळ्या नानांचं गाठोडं असे, तेही तसल्याच फडक्यात. या घरात नान फेकत नाहीत. शिळा झाला की सकाळच्या शीरचायमध्ये, म्हणजे मीठ-लोणी घातलेल्या दुधाच्या चहात, कुस्करून खातात.

दुपारी आर्विदास आला. लिथुआनियाचा, तिशीच्या आतला, पाठीवर मोठी पिशवी, गळ्यात कॅमेरा. दारातून आत येताना त्याचं कपाळ चौकटीवर असं आपटलं की अंगणातली कबुतरं उडाली. या घराची दारं ठेंगणी आहेत. आत येणाऱ्याने वाकलंच पाहिजे अशी कुण्या पणजोबाची इच्छा होती, आणि हल्ली प्रत्येक फिरंगी त्या पणजोबाला कपाळ आपटूनच सलाम करतो. दिलरबोने ओला रुमाल आणून दिला. तो कपाळ चोळत मोडक्या रशियनमध्ये बोलला. समरकंद पाहून झालं, दोन दिवस बुखारा, मग खिवा. जुनी शहरं बघायची त्याला हौस होती, सगळी सुट्टी त्यातच जायची.

"आणि नाश्त्याला मला अंडी नकोत," तो म्हणाला. "तुम्ही घरात जे खाता ते द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नुसती धांदल होती. चार फ्रेंच बायकांना चार तऱ्हेची अंडी हवी होती, सालोमत दूध आणायला गेली होती, आणि आर्विदास अंगणातल्या चौथऱ्यावर शीरचायची वाट बघत बसला होता. दिलरबोने फळीवर हात घातला, हाताला लागलेलं फडकं ओढलं, आतला नान काढला. तो हाताने तुटेना, म्हणून तिने त्यावर बत्ता मारला. वाडगा भरला, वर लोणी सोडलं आणि नेऊन दिला.

आर्विदासने शेवटचा तुकडासुद्धा बोटाने पुसून खाल्ला.

२

भांडी घासायला बसली तेव्हा तिचं लक्ष फळीकडे गेलं. शिळ्या नानांचं गाठोडं गाठ न सुटलेलं, जिथल्या तिथे होतं. दुसरं फडकं ओट्यावर उघडं पडलं होतं, आणि त्यात थोडे तीळ होते.

हात तसेच पाण्यात ठेवून दिलरबो बसून राहिली.

लग्नाआधी ती शाळेत गणित शिकवायची. डोकं ठिकाणावर असलेली म्हणून माहेरी तिचा लौकिक होता, आणि तिने आता त्याच डोक्याला कामाला लावलं. पीठ, पाणी, मीठ. पीठ माणसाला परत आणत नाही, त्याला विमान आणतं. शेजारच्या रिसोलत खालाच्या भावाने जाताना घास चावला होता, तो सैन्यातून परत आलाच नाही. आणि पलीकडच्या गल्लीतले कितीतरी जण नान न चावता गेले आणि धडधाकट परत आले. नान राहिला काय आणि गेला काय, सुहरोब यायचा तेव्हा येईल. असं तिने स्वतःला बजावलं, आणि तरी तिला रडू फुटलं. कारण ही गोष्ट सासूला कशी सांगायची ते त्या गणितात नव्हतं.

तिने सांगितलंच नाही. भिंत ओली आहे म्हणत वेळ मारून नेली. कोपऱ्यावरच्या भट्टीतून तसाच एक नान आणला, दाराला कडी घालून तो तोंडाशी धरला. सुहरोबने कडेचा घास घेतला होता. तिनेही कडेलाच दात रुतवले. गच्चीवर उन्हात आणि मग चुलीच्या उबेला ठेवून तिने तो कडक केला आणि खिळ्यावर चढवला. लांबून बघितलं तर काही फरक कळत नव्हता.

सालोमत स्वयंपाकघरात आली. नानासमोर उभी राहिली. जरा जास्तच वेळ उभी राहिली. मग हात वर करून तिने नान फिरवला आणि चावलेली बाजू भिंतीकडे केली.

"चांगला वाळलाय," ती म्हणाली आणि कांदे घेऊन बाहेर गेली.

३

आर्विदासची खिव्याची गाडी सकाळची होती. पिशवी खांद्याला लावून तो निघालासुद्धा. दिलरबो त्याच्या खोलीतल्या चादरी काढत होती, तेवढ्यात बाहेरचा दरवाजा वाजला. दरवाजा टाचेने मागे ढकलून बंद केल्याचा आवाज होता तो. खालून एक, आणि मग फळ्या चौकटीत बसल्याचा दुसरा. तिच्या हातातली चादर तशीच राहिली. या घरात दरवाजा तसा एकच माणूस लावायचा, आणि त्याबद्दल त्याने आईच्या शिव्या खाल्लेल्या होत्या.

ती पळत अंगणात आली. आर्विदास आत येत होता. ठेंगण्या दाराशी तो थांबला नाही, वर बघितलं नाही, हातही लावला नाही. सहज वाकला, आत आला, सरळ झाला.

"गाडी चुकली?" तिने विचारलं.

"नाही," तो म्हणाला. "राहू दे. इथेच बरं वाटतंय."

यात भिण्यासारखं काही नव्हतं. पाहुणे मुक्काम वाढवतात. कपाळ एकदा फुटलं की माणूस दुसऱ्यांदा वाकतोच, त्याला शहाणपण म्हणतात. दरवाजा टाचेने लावणारे जगात लाखो असतील. दिलरबोने प्रत्येक गोष्टीचं उत्तर काढलं आणि प्रत्येक उत्तर बरोबर आलं.

पण जेवायला बसताना तो पाहुण्याच्या जागेवर, म्हणजे दारापासून लांब भिंतीकडे, बसला नाही. दाराजवळ बसला. तिथे घरचा मुलगा बसतो, उठबस त्याला करावी लागते म्हणून. आर्विदासने किटली आपल्याकडे ओढली, इथल्या रीतीने चहा पेल्यात ओतला, परत किटलीत ओतला, पुन्हा ओतला, पुन्हा परत. मग पहिला पेला सालोमतच्या पुढे ठेवला. हात छातीवर ठेवून.

"बघ, किती लवकर शिकला," सालोमत म्हणाली.

दिलरबोने त्या दिवशी ठरवलं की याला घालवायचा. तोंडाने जा म्हणता येत नाही, पाहुणा आहे. पण त्याला इथे एक रीत आहे. पाहुण्याला चहा अर्धा पेलाच देतात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतो. काठोकाठ भरून दिला, तर त्याने समजायचं की आता उठा. फिरंग्यांना हे ठाऊक नसतं, उलट भरलेला पेला मिळाला की ते खूश होतात. तरी दुपारी तिने त्याच्यापुढे पेला ठेवला आणि काठोकाठ भरला. कुणाला कळो न कळो, आपल्या मनाचं समाधान.

आर्विदासने पेल्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघून तो हसला, आणि पहिल्यांदाच रशियनमध्ये बोलला नाही.

"भरून दिलास? म्हणजे जा म्हणतेस होय गं?"

ही त्या घराचीच बोली होती. सालोमत चौथऱ्यावर पिस्ते सोलत होती. तिचे हात क्षणभर थांबले आणि पुन्हा चालू लागले.

४

सुहरोबचा फोन दर शुक्रवारी दुपारी यायचा. हल्ली कधी यायचा, कधी नाही. गल्लीत कुजबुज होती की त्याने तिकडे कुणीतरी बाई बघितली आहे. दिलरबो ते ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि शुक्रवारी मात्र सकाळपासून फोन हातात घेऊन हिंडायची.

त्या शुक्रवारी फोन आला. पडद्यावर त्याचा चेहरा, मागे पत्र्याची खोली. वाळला होता. तिला पाहून त्याने ओळखीचं हसू हसायला उशीर केला.

"बरे आहात ना?" तिने विचारलं. "जेवलात?"

"हो, हो." तो तिच्या खांद्यावरून मागे बघत होता. "ते झाड कसलं?"

"कुठलं? हे? तुतीचं. तुमच्या आजोबांनी लावलेलं."

"छान आहे," तो म्हणाला. "ऊनही छान पडलंय तुमच्याकडे."

थट्टा करतोय असं समजून ती हसली. पण पुढच्या शुक्रवारी तो तिच्याशी रशियनमध्ये बोलला, तेही अदबीने, ऑफिसात बोलतात तसा. मध्येच शब्द शोधत थांबायचा. तिने फोन फिरवून त्याला अंगण दाखवलं, खांबांवरची नक्षी दाखवली, त्यांची खोली, तिच्या माहेरून आलेल्या रजयांची चळत. तो लक्ष देऊन बघत होता.

"जुनं घर आहे," तो म्हणाला. "बघायला यायला हवं. सुट्टी मिळाली की येईन म्हणतो."

"अहो, हे तुमचं घर आहे."

हॉटेलातली बाई असं म्हणते तेव्हा पुरुष जसे हसतात, तसा तो हसला. भल्या माणसाचं हसू. मग फोन बंद झाला. पुढच्या शुक्रवारी तो आलाच नाही, आणि तिने लावला तर कुणी उचलला नाही.

फोन आला तो आर्विदासला. त्याचा मोबाईल खिडकीत पडून असायचा, आताशा तो त्याला हातही लावत नसे. दिवसभर वाजत होता. आर्विदास चौथऱ्यावर पाण्याचा पंप उघडून बसला होता. तो पंप अडला की सुहरोब त्याला बाजूने एक ठोसा द्यायचा, म्हणजे सुरू व्हायचा. आर्विदासने तसाच ठोसा दिला आणि पाणी आलं.

"फोन वाजतोय तुमचा," दिलरबो म्हणाली.

"चुकीचा आहे. कुणी म्हातारी आहे, भलतंच काहीतरी बोलते. मला ती भाषा कळत नाही."

तो हात धुवायला गेला तेव्हा फोन पुन्हा वाजला आणि दिलरबोने उचलला. पलीकडून एक बाई बोलत होती. दिलरबोला एक अक्षर कळत नव्हतं, फक्त एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता, आणि तो आर्विदासचं नाव होतं. मग बाई बोलायची थांबली आणि रडायला लागली. रडण्याला भाषा लागत नाही. दिलरबो फोन कानाशी धरून उभी राहिली. तिला त्या बाईला सांगायचं होतं की आहे, इथेच आहे, माझ्यापासून दहा पावलांवर हात पुसतोय. पण ते खरं आहे की नाही याची तिला खात्री देता येईना.

५

तिच्याजवळ एक पुरावा होता. आर्विदासच्या पिशवीत पासपोर्ट होता. तो खोलीत नसताना तिने काढून बघितला. त्याचाच चेहरा, त्याचंच नाव. म्हणजे आपली अक्कल शाबूत आहे. तो तिच्यामागे येऊन उभा राहिला ते तिला कळलंच नाही.

"कुणाचा आहे तो?" त्याने खांद्यावरून डोकावून विचारलं.

"नीट बघा."

त्याने हातात घेऊन नीट बघितलं. फोटोवर अंगठा फिरवला. त्याच्या चेहऱ्यावर लबाडी असती तर तिला बरं वाटलं असतं. लबाडी नव्हती.

"कुणी पाहुणा विसरून गेला वाटतं," तो म्हणाला. "जपून ठेव हं. परक्या मुलखात बिचारा हैराण होईल."

आणि मग एके दुपारी, कणीक मळता मळता, मान वरही न करता सालोमत म्हणाली, "सुहरोब, तेवढं लाकूड आण रे." आर्विदासने आणून दिलं. दिलरबो दोघांकडे बघत राहिली. दोघांनाही काही झालेलं नव्हतं.

"ओयी," ती नंतर म्हणाली, "तो आर्विदास आहे."

"कोण?"

"तो. पाहुणा."

"परमुलखात राहिलं की माणसाचा रंग बदलतो," सालोमत म्हणाली. "पीठ कमी पडतंय, घाल."

रिसोलत खाला भरतकामाची चौकट बगलेत घेऊन आली, तिने दारातूनच तोंड सोडलं. "काय गं ए, नवरा घरी आला आणि गल्लीला मिठाईचा कण नाही? एवढी चिकट सून कुठून आणली सालोमत?"

"खाला, तुम्ही बघा त्यांच्याकडे. नीट बघा."

खालाने बघितलं. आर्विदासने छातीवर हात ठेवून मान लववली. "बघितलं की," खाला म्हणाली. "वाळलाय नुसता. तिकडे काय खात होता कोण जाणे. खायला घाल, म्हणजे तुझाही चेहरा जरा फुलेल." आणि स्वतःच्याच विनोदावर ती पोट धरून हसली.

दिलरबो आपल्या खोलीत गेली आणि तिने कडी लावली. दुपारची वेळ होती, अंगण उन्हाने तापलं होतं, बाहेर एकही आवाज नव्हता. रजयांच्या चळतीला पाठ टेकून ती बसली. सगळे खोटं बोलत असतील तर का? आणि खोटं बोलत नसतील तर माझं काय? ती सुहरोबचा चेहरा डोळ्यांपुढे आणत होती. भुवया आल्या, कान आले. मधलं यायला वेळ लागला.

दाराच्या फळीवर नख ओढल्याचा आवाज झाला. वरून खाली, नक्षीच्या खाचेतून. लग्नानंतरच्या दिवसांत सुहरोब हाक मारायचा नाही, घरात आई असायची. तो असंच नख ओढायचा. हे तिला आणि त्याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं. आईलासुद्धा नाही.

"दिलरबो," आर्विदास हळूच म्हणाला. "कडी काढ गं. उन्हात उभा आहे."

तिने ओढणीचं टोक तोंडात कोंबलं आणि दाराखालच्या फटीकडे बघत राहिली. फटीत दोन पायांच्या सावल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्या निघून गेल्या.

६

सालोमतने नात्यागोत्यातली माणसं बोलावली. मोठ्या कढईत पुलाव शिजला, गाजरं-मांसाचा वास गल्लीभर गेला. मुलगा परत आला की नान उतरवायचा, चार माणसांच्या देखत त्याने तो संपवायचा, आणि मगच तो आला असं म्हणायचं.

दिलरबोने सासूला स्वयंपाकघरात गाठलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"ओयी, तो नान देऊ नका. तो त्यांचा नाही. त्यांचा नान मी चुकून पाहुण्याला शीरचायमध्ये घातला. हा मी आणलेला आहे. यावर माझे दात आहेत."

तिला वाटलं होतं आता थोबाडीत बसेल. सालोमतने नुसता हात पुसला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. माझ्या मुलाचा पुढचा दात अर्धा तुटका आहे. त्याचा घास मला ठाऊक नसेल?"

"मग बोलला नाहीत?"

"काय बोलू?" सालोमतचा आवाज चढला नाही. "तू दोन वर्षं वाट बघितलीस म्हणून तुला वाटतं वाट बघणं तुला कळतं. मी आधी त्याच्या बापाची बघितली. अकरा वर्षं तो नान त्याच खिळ्यावर होता, आणि शेवटी त्याला किडे लागले. मी किडे वेचायचे आणि परत टांगायचे. मला आता रिकामी भिंत बघायची नाही आणि टांगलेला नानही बघायचा नाही. हा माझ्या हातचं खातो. मला ओयी म्हणतो. दार वाजलं की उठतो. जो आला तो आला."

"आणि जो आला नाही तो?"

सालोमत स्टुलावर चढली आणि तिने नान उतरवला. दिलरबोने तिचा हात धरला. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं.

अंगणात सगळे जमले होते. आर्विदास दोन्ही हातांनी नान घेऊन उभा होता. त्याने तो कपाळाला लावला आणि जिथे तिचे दात उमटले होते, तिथूनच खायला सुरुवात केली. कुडुम कुडुम असा आवाज येत होता. दिलरबो खांबाला धरून उभी होती, आणि एकेका घासाबरोबर काहीतरी दूर जात होतं. पत्र्याची एक खोली. फोनचा पडदा. तुतीखाली उभा राहून चावलेला घास, आणि तो चावणाऱ्याचं तोंड. ती ते धरायला बघत होती आणि ते तिला दिसायचं बंद होत होतं, चुना ओला असताना डाग दिसतात आणि वाळल्यावर दिसत नाहीत तसं. तिला ओरडायचं होतं. पण काय ओरडायचं ते आधी आठवायला हवं होतं.

त्याने तळहातावरचे तीळ चाटले. बायकांनी आनंदाने टाळ्या पिटल्या. रिसोलत खालाने दिलरबोला पुढे ढकललं. "जा की आता, लाजतेस काय नव्या नवरीसारखी?"

दुपारी दाराच्या फळीवर नखाचा आवाज आला, वरून खाली. दिलरबो उठली. कडीला हात घालताना तिला वाटलं की काहीतरी आठवायचं राहिलं आहे, कुणाबद्दल तरी. ती थोडा वेळ तशीच थांबली. मग तिने कडी काढली.

७

शरद ऋतूत, खरबुजांच्या दिवसांत, पाहुण्यांचा दुसरा हंगाम येतो. त्या हंगामात दिलरबोचं घर कधी रिकामं नव्हतं. नवरा हाताशी असल्यावर काम अंगावर येत नाही. तो स्टेशनवरून पाहुणे आणायचा, सामान चढवायचा, आणि आल्यागेल्याला शहराच्या गोष्टी सांगायचा.

एकदा एक पाहुणा एकटाच आला. तिशीच्या आसपासचा, वाळलेला, पाठीवर पिशवी. रशियन बोलत होता, चांगलं पण शिकून घेतल्यासारखं. दारातून आत येताना त्याचं कपाळ चौकटीवर आपटलं आणि तो कळवळून खाली बसला.

"सांभाळून," दिलरबोने रुमाल दिला. "आमची दारं ठेंगणी आहेत."

"चूक माझीच," तो हसला. त्याचा पुढचा एक दात अर्धा तुटलेला होता. त्याने अंगणभर नजर फिरवली. तुती, खांब, चौथरा. "सुंदर आहे घर तुमचं. दोन दिवस राहीन म्हणतो. मग खिव्याला जायचंय."

सालोमत स्वयंपाकघरातून ताट घेऊन येत होती. तिने पाहुण्याला बघितलं आणि ताट तिच्या हातून पडलं. खरबुजाच्या फोडी अंगणभर झाल्या. पाहुणा धावत येऊन गोळा करू लागला. "राहू द्या, राहू द्या, आजी," तो रशियनमध्ये म्हणत होता. आजी हा शब्द ऐकून सालोमतने भिंत धरली.

दोन दिवस तिने सुनेला त्या पाहुण्याचं काही करू दिलं नाही. त्याचं अंथरूण स्वतः घातलं, नान स्वतः भाजला, त्याच्यासमोर बसून तो खातो कसा ते बघत राहिली. दिलरबोला नवल वाटलं. इतक्या पाहुण्यांत हाच कसा आवडला? नवऱ्याला तिने हसत सांगितलं, तर तोही हसला. पाहुणा सज्जन होता. तो फोटो काढायचा, विचारून काढायचा. त्यांच्या खोलीत डोकावून रजयांची चळत बघितली आणि म्हणाला, या अशाच कुठेतरी बघितल्यात. कुठे ते त्याला आठवेना.

निघायच्या सकाळी तो पिशवी लावून उभा होता. सालोमत त्याच्या अगदी जवळ गेली.

"घरी कोण आहे तुझं?" तिने विचारलं.

पाहुण्याने विचार केला. जरा जास्तच वेळ केला.

"आई आहे," तो म्हणाला. "लांब असते. फोनवर सारखी रडते. आता इथून तिच्याकडेच जाणार."

सालोमतचा हात वर गेला, त्याच्या गालापर्यंत पोचला आणि तिथेच थांबला. पाहुण्याने अवघडून मान लववली.

"जा," ती म्हणाली. "तिला फार वाट बघायला लावू नकोस."

तो गल्लीच्या टोकाला दिसेनासा झाला तरी सालोमत उंबऱ्यावरून उठेना. तोंडात ओढणीचं टोक घेऊन ती पुढे-मागे डुलत होती आणि घशातून नुसता घरघर आवाज येत होता. दिलरबोने अंगणातलं सगळं काम आटोपलं. मग ती सासूशेजारी येऊन बसली आणि मायेने तिची पाठ चोळू लागली.

"ओयी, असं काय करता?" ती म्हणाली. "पाहुणे येतात आणि जातात. तुमचा मुलगा तर घरात आहे."